बाजूच्या सीटचा ब्रेक

माझ्या वडिलांच्या बुटांच्या जोडीतला एकच बूट झिजतो, उजवा. कोपऱ्यावरचा मोची दर सहा महिन्यांनी त्याचा तळ बदलून देतो आणि दर वेळी विचारतो, "मास्तर, लंगडी खेळायला जाता का?" बाबा हसतात, बूट चढवतात आणि चालू लागतात.

गेली एकतीस वर्षं ते गाडी चालवायला शिकवतात. म्हणजे स्वतः चालवत नाहीत, बाजूच्या सीटवर बसतात. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात आणि बाबांच्या पायाशी एक जादा ब्रेक. त्या ब्रेकवर उजवा पाय ठेवून त्यांनी अर्धं गाव शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्या गावाचा जीव वाचवला, असं त्यांचं म्हणणं. लोक त्यांना ब्रेक मास्तर म्हणतात. घरी सोफ्यावर बसलेले असले आणि टीव्हीवर एखादी गाडी वळणावर जोरात आली, तरी यांचा पाय फरशीवर दाबला जातो. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "तेवढं माझं दूध पण तिथूनच थांबवा, उतू चाललंय."

शिकवायची त्यांची एक पद्धत आहे. पहिल्या दिवशी किल्ली हातात देण्याआधी ते शिकणाऱ्याकडून एक गोष्ट वदवून घेतात. "माझा शब्द आधी पायात, मग डोक्यात. मी थांब म्हटलं की थांबायचं, चल म्हटलं की निघायचं. का आणि कशाला, ते गाडी उभी राहिल्यावर विचारायचं." मोठमोठे साहेबलोकही शाळेतल्या पोरासारखे हे म्हणून दाखवतात. तिसऱ्या-चौथ्या तासाला एखादा सायकलवाला अचानक आडवा येतो, बाबा "थांब" म्हणतात, पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि मग त्यांना पटतं.

मी त्यांची मुलगी. शाळेचं टेबल सांभाळते. शाळा म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि कापून उघडलेला एक जुना क्लच, जो बाबा प्रत्येकाला दाखवतात आणि जो कुणालाच कळत नाही. बाबांना नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून वहीत मी नावापुढे त्यांची खूण लिहिते. बँकवाला. दातांच्या डॉक्टरीणबाई. जुना घाबरट. नवा घाबरट. आणि मंगळवार-शुक्रवार, दुपारी चार वाजता, धुलाईच्या ताई.

ताई चाळिशीच्या. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात जे धुलाईखातं आहे, तिथे अकरा वर्षं काम करत होत्या. बोटांची टोकं कायम सुरकुतलेली, पाण्यातून आत्ताच काढल्यासारखी. हॉस्पिटलची एक व्हॅन आहे, ती धुतलेले कपडे गावाबाहेरच्या दोन छोट्या दवाखान्यांना पोचवते आणि मळलेले परत आणते. तिचा ड्रायव्हर निवृत्त होणार होता. मुकादमांनी ताईंना सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत पक्कं लायसन्स दाखव, व्हॅन तुझी. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "ताई, गाडीच का शिकायचीये?" तर म्हणाल्या, "खिडकी असते ना तिला." मला आधी कळलंच नाही. मग तळघर आठवलं.

आणि शिकल्या अशा की बाबा घरी येऊन कौतुक सांगायचे. "या बाईचा पाय बघायला पाहिजे. सांगायच्या आधी ब्रेकवर असतो." बाबांच्या तोंडून पायाचं कौतुक म्हणजे फार झालं. मी दहा वर्षं गाडी चालवतेय, माझ्या पायाबद्दल चांगला शब्द अजून निघालेला नाही.

ताईंच्या परीक्षेला बारा दिवस उरलेले असताना ते पाकीट आलं. आत एक फोटो. बाजारपेठेच्या पुढच्या चौकातला कॅमेरा, सिग्नल लख्ख लाल, आणि चौकाच्या बरोब्बर मध्यावर आमची गाडी, टपावर ‘शिकाऊ चालक’ची पाटी. काचेतून दोन चेहरे दिसत होते. ताई समोर बघतायत, आणि बाबा त्यांच्याही पुढे बघतायत, मान लांब करून.

एकतीस वर्षांत पहिलीच नोटीस. मला खरं तर हसू आलं. "बाबा, ब्रेक मास्तरांचा फोटो आलाय. फ्रेम करू का?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "फॉर्म भर."

फॉर्म एका पानाचा होता. गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव. चालक शिकाऊ असल्यास, सिग्नल ओलांडला तो प्रशिक्षकाच्या सूचनेवरून का? होय, नाही. दोन छोटे चौकोन. नियम असा आहे की शिकाऊ लायसन्सवर लाल सिग्नल तोडल्याची नोंद झाली की ते गोठतं, निकाल लागेपर्यंत परीक्षा देता येत नाही, आणि चूक सिद्ध झाली तर वर्षभर विसरा. प्रशिक्षकाने सांगितलं असेल तर मात्र शिकाऊ माणूस सुटतो आणि प्रशिक्षकाचा बिल्ला काही महिने जमा होतो.

"ताईंचं नाव लिही," बाबा म्हणाले. "गाडी त्याच चालवत होत्या. त्यात खोटं काय?"

खोटं आहे असं मी म्हटलंच नव्हतं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. "आणि हा दुसरा प्रश्न?"

"नाही वर खूण कर."

मी केली. माझं पेन, माझं अक्षर, माझी खूण. त्या कागदाची प्रत अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. वर वही ठेवलीये, पण खण उघडला की मला ती दिसते.

चार दिवसांनी ताई आल्या. त्यांच्या हातात त्यांच्या नावाचं पत्र होतं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, आम्हाला निदान उलट ओरडता आलं असतं. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "सर, मी सारखा विचार करतेय. पिवळा लागला तेव्हा मी ब्रेक लावला होता, असं मला वाटतं. मग तुम्ही ‘चला, चला’ म्हणालात आणि मी निघाले. पण निघायला उशीर केला असणार मी. पटकन निघाले असते तर पिवळ्यातच पार झालो असतो. हो ना?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा कापलेल्या क्लचकडे बघत होते.

"मी म्हणालो असेन," ते म्हणाले. "पण पाय तुमचा होता ना, ताई."

एकतीस वर्षं जो माणूस सगळ्या गावाकडून ‘माझा शब्द आधी पायात’ म्हणवून घेत होता, त्याच्या तोंडून हे वाक्य आलं. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी काय केलं? मी ताईंना विचारलं, चहा घेणार का. मूग गिळून बसायचं आणि वर पाहुणचार करायचा, हे मला चांगलं जमतं हे त्या दिवशी कळलं.

ताई मात्र मान हलवत होत्या. "बरोबर आहे. पाय माझाच होता." मग त्यांनी सांगितलं की दंड भरून मोकळं व्हायचा सल्ला सगळे देतायत, पण दंड भरला म्हणजे चूक कबूल, आणि चूक कबूल म्हणजे वर्षभर परीक्षा नाही, म्हणजे व्हॅन गेली. म्हणून त्या कोर्टात जाणार होत्या. तारीख मिळाली होती ती महिनाअखेरच्या पाच दिवस आधीची. निकाल बाजूने लागला तर दोन दिवसांत परीक्षा देऊन वेळ गाठता आली असती. "सर, तुम्ही याल का? मी नियमित येत होते, नीट शिकत होते, एवढंच सांगा. बाकी काही नको."

"येईन," बाबा म्हणाले.

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं. "बाबा, तुम्ही चला म्हणालात."

"म्हणालो."

"मग फॉर्ममध्ये नाही का लिहायला लावलंत?"

"बिल्ला जाईल." त्यांनी वही पुढे ओढली आणि नसलेलं काहीतरी शोधू लागले. "शाळा बंद ठेवावी लागेल. नाव जाईल. एकतीस वर्षं."

मला ते कारण पटलं. पटवून घेतलं म्हणा. कारण नाव माझंही होतं, आणि खूण तर माझीच होती. आता कार्यालयात जाऊन फॉर्म बदलायचा म्हणजे पहिला खोटा भरला हे कबूल करायचं. मी म्हटलं, बघू, कोर्टात काय होतंय ते.

पुढचे तीन आठवडे बाबा गाडीत बसायचे ते चोरासारखे. हिरवा असला तरी "थांब", रस्ता मोकळा असला तरी "थांब". नव्या घाबरटाने तर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रार केली, "मास्तर मला चौथा गिअर टाकूच देत नाहीत." जुना घाबरट खूष होता. घरी जेवताना बाबा मधेच थांबायचे. आई म्हणायची, "ताटात पण सिग्नल लागलाय का?" बाबा पुढचा घास घ्यायचे. एरवी तिच्या एका टोमण्याला हे दोन परत करतात.

एक गोष्ट मात्र मला आधीपासून दिसत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. गेलं वर्षभर बाबा तासाला निघताना पाणी पीत नव्हते. चहा समोर ठेवला तर निवेपर्यंत तसाच. शिकवायचे रस्तेही बदलले होते. चारचा तास पूर्वी तळ्याच्या बाजूला जायचा, तो आता बाजारपेठेतून पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊ लागला. तिथे रिव्हर्स शिकवायला मोकळी जागा आहे, म्हणायचे. आईने दोनदा डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा तिच्यावर खेकसले होते. मला वाटलं, वय झालं की माणसं खेकसतात.

कोर्टाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब बाकं, एक पंखा, समोर उंच टेबलामागे मॅजिस्ट्रेट मॅडम, आणि बाजूला लॅपटॉप घेऊन कॅमेरा विभागाचा कारकून. भिंतीवर पडदा होता, त्यावर तो एकेकाचा व्हिडिओ लावायचा. आमच्या आधी पाच जण होते. एकाचं म्हणणं, गाडीत तो नव्हताच, त्याचा जुळा भाऊ होता. मॅडम म्हणाल्या, भावाला घेऊन या. तो म्हणाला, भाऊ परदेशी असतो. मॅडम म्हणाल्या, मग गाडी कशी चालवत होता? एक आजी म्हणाल्या, लाल होता हे मान्य आहे, पण तो फार वेळ लाल होता. सगळी खोली हसत होती. ताई हसत नव्हत्या. त्यांनी कामावरचा डगला काढून घडी करून मांडीवर ठेवला होता, आणि घडीवरून हात फिरवत होत्या.

आमचा पुकारा झाला. ताई समोर उभ्या राहिल्या. कारकुनाने व्हिडिओ लावला. आवाज नव्हता, नुसतं चित्र. दुसऱ्या कॅमेऱ्यातून, मागून घेतलेलं. आमची गाडी चौकाकडे येतेय. सिग्नल पिवळा झाला. तेवढ्यात गाडीचे मागचे दोन्ही दिवे लागले, ब्रेकचे, चांगले ठसठशीत, आणि गाडी हळू झाली. एक क्षण वाटलं, थांबली. मग दिवे विझले. गाडी पुढे सरकली, आणि ती पट्टी ओलांडायच्या आधीच सिग्नल लाल झाला.

"लाल लागल्यावर एक पूर्णांक चार सेकंदांनी पट्टी ओलांडली," कारकून म्हणाला. त्याला त्या चारचा अभिमान होता.

"परत लावा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुन्हा बघितलं. मग ताईंना विचारलं, "तुम्ही ब्रेक लावलाय. वेळेवर लावलाय. गाडी थांबत आली होती. मग सोडला का?"

ताई पडद्याकडेच बघत होत्या. तिथे ते दोन लाल दिवे थांबवून ठेवलेले होते. त्यांनी मागे वळून बाबांकडे बघितलं नाही. एकदाही नाही. मी मनात म्हणत होते, सांगा ना, सरांनी सांगितलं म्हणून. सांगा, म्हणजे आम्हाला सांगावं लागणार नाही.

"शिकतेय अजून, मॅडम," त्या म्हणाल्या.

मॅडमनी कागद उलटला. "प्रशिक्षक आले आहेत का?"

बाबा उठले. इस्त्रीचा शर्ट, नवीन तळ लावलेला बूट. पुढे जाऊन उभे राहिले. सांगायचं एवढंच होतं की बाई नियमित येतात, नीट शिकतात. ते त्यांनी सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं. मग मान वर करून, अगदी सहज, म्हणाल्या, "तुमच्या बाजूलाही ब्रेक असतो ना?"

"असतो."

"कशासाठी असतो?"

बाबांना हा प्रश्न एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. हा प्रश्न ते विचारायचे. "शिकणारा चुकला तर गाडी थांबवायला," ते म्हणाले.

"बाई चुकल्या. लाल सिग्नलला गाडी पुढे गेली. तुम्ही का नाही दाबला?"

मी मागच्या बाकावरून बघत होते. त्या लाकडी कठड्याच्या खालून बाबांचे पाय दिसत होते. उजवा पाय फरशीवर दाबला जात होता, जोरात, पुन्हा पुन्हा.

"बाई चुकल्या नाहीत," बाबा म्हणाले. "मी चला म्हणालो. त्या थांबल्याच होत्या. मी दोनदा म्हणालो. माझ्या गाडीत मी म्हटलं की निघायचं, असा मीच नियम केलाय."

कारकुनाने मान वर केली. मॅडमनी आमचा फॉर्म शोधून काढला. "इथे तुम्ही ‘नाही’ लिहिलंय."

"ते खोटं आहे. मी लिहायला लावलं."

मला उठून सांगायचं होतं, अक्षर माझं आहे. उठले नाही.

"पिवळा दिसत असताना चला का म्हणालात?"

   बाबांनी एकदा बाकांकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि मग खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला लघवीला लागली होती."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. जुळ्या भावाची सबब सांगणारा असावा.

"वर्ष झालं, मला थांबत नाही," बाबा बोलत राहिले. आता बोलायला लागले ते थांबतच नव्हते. "पुढच्या पंपावर सोय आहे. चारचा तास मी तिथेच नेतो. त्या दिवशी सिग्नल लागला असता तर गाडीतच झालं असतं. बाईमाणूस शेजारी. म्हणून म्हणालो चला. आणि ब्रेक का नाही दाबला विचारलंत, तर पाय तिथे नव्हताच. दोन्ही पाय आवळून बसलो होतो."

आता मात्र अख्खी खोली हसली. कारकूनही लॅपटॉपमागे तोंड लपवून हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेनने टेबलावर दोनदा ठोकलं, खोली गप्प झाली, आणि त्यांनी लिहायला घेतलं. ताईंच्या नावाची नोटीस रद्द. लायसन्स मोकळं. बाबांचा बिल्ला तीन महिने जमा, आणि डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय परत नाही. खोटा फॉर्म भरल्याबद्दल वेगळी समज. लिहून झाल्यावर त्या बाबांना म्हणाल्या, "हे फॉर्ममध्ये लिहिलं असतंत तर बाईंना इथे यावंच लागलं नसतं." आवाज चढवला नव्हता, तरी बाबांची मान आणखी खाली गेली.

बाहेर जिन्यापाशी ताई डगला चढवत होत्या. माझा जीव भांड्यात पडला होता. मला आनंद दाखवायची घाई झाली. "ताई, अजून पाच दिवस आहेत. परवाच परीक्षेची वेळ घेते मी. व्हॅन..."

"व्हॅन सोमवारी दिली," ताई म्हणाल्या. "लायसन्स गोठलंय हे वर कळलं ना, तर त्यांनी भांडारातल्या एका माणसाला बोलावलं. त्याच्याकडे पक्कं होतं. मुकादम तरी किती थांबणार?"

"सोमवारी?" आज गुरुवार होता. "मग तुम्ही आज आलात कशाला?"

ताईंनी डगल्याची शेवटची गुंडी लावली. "बघायला. माझा पाय ब्रेकवर गेला होता की मी आपलं मनाचं रचतेय, ते कळत नव्हतं मला. महिनाभर झोपताना तेच. आता बघितलं. दिवे लागले होते."

बाबा दोन पायऱ्या खाली उभे होते. त्यांनी हात जोडले नाहीत की काही नाही. नुसते म्हणाले, "ताई, मला लाज वाटली. तुमच्यासमोर कसं सांगायचं, तेच कळेना. त्या दिवशीही आणि नंतरही. बिल्ल्याचं काही नव्हतं. लाज वाटली."

माझ्याकडे न बघता म्हणाले ते. म्हणजे मला सांगितलेलं बिल्ल्याचं कारणही खोटंच होतं.

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. आश्चर्यानेच बघितलं. "सर, मी अकरा वर्षं दुसरं काय धुते?"

बाबा आपल्या बुटांकडे बघू लागले.

"नुसतं म्हणाला असतात तर गाडी बाजूला घेतली असती मी. तिथे कोपऱ्यावर दुकानात विचारलं असतं." मग घड्याळ बघितलं. "येते. दुपारचा गठ्ठा आलेला असेल." आणि त्या जिना उतरून गेल्या. त्यांच्या पायाचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता, सारख्या अंतराचा.

त्यानंतर ताईंनी परीक्षा दिली. आमच्या गाडीत नाही, दुसऱ्या शाळेच्या गाडीत, कारण आमची उभी होती. पहिल्या फटक्यात पास झाल्या. हे मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं. ताई आम्हाला सांगायला आल्या नाहीत, आणि त्यांनी का यावं? त्यांचं पक्कं लायसन्स कुठल्यातरी डब्यात असेल. त्या तळघरात आहेत.

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे वर्षापूर्वीच यायला हवं होतं, साधं ऑपरेशन आहे. आई म्हणाली, "मी दोनदा सांगितलं होतं." बाबांनी ऐकून घेतलं. ऑपरेशन त्याच मोठ्या हॉस्पिटलात झालं, गावात दुसरं नाहीच. दाखल होताना बाबांनी कुठला मजला विचारलं. मी म्हटलं, तिसरा. "आणि ताईंचं तळघर ते इथलंच ना?" म्हणाले. मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली. सिस्टर म्हणाल्या, एक-दोन दिवस ताबा राहणार नाही, घाबरायचं नाही. अर्ध्या तासात चादर भिजली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सिस्टर आल्या, त्यांना कुशीवर वळवून खालची चादर सर्रकन ओढून काढली, नवीन घातली. स्वच्छ, कडक, घडीच्या रेघा तशाच. भिजलेली चादर त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या ट्रॉलीत टाकली.

बाबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "सिस्टरना विचार, ती चादर आपण घरी नेली तर चालेल का."

"घरी?"

"मी धुईन. बरा झालो की मी धुईन. ती खाली नको जायला."

मी विचारलं. विचारताना माझा आवाज चोरासारखा निघाला. सिस्टर हसल्या, कुचेष्टेने नाही, मायेने हसल्या. "आजोबा, इथून रोज शंभर चादरी खाली जातात. तुमच्या एकीने काय होतंय?"

 वॉर्डातल्या बाईंनी ट्रॉली ढकलायला सुरुवात केली. तिचं एक चाक कुरकुरत होतं. व्हरांड्यातून ती लिफ्टपर्यंत गेली. लिफ्टचं दार उघडलं. मी बाबांच्या पलंगाशी उभी होते. पांघरुणाखाली त्यांचा उजवा पाय पुढे सरकला आणि पलंगाच्या दांडीवर दाबला गेला, जोरात, पुन्हा पुन्हा. ट्रॉली आत गेली, दार मिटलं, आणि लिफ्ट तळघराकडे निघाली.